तुंगशीची मुलगी

डॉक्टर लियाओ युन-जू आणि मी जियायीच्या या इस्पितळात एकाच वर्षी लागलो. ती लहान मुलांची डॉक्टर, मी नर्स. आज ती मुलांच्या अतिदक्षता विभागाची प्रमुख आहे आणि मी, को शु-फेन, तिथली मुख्य परिचारिका. चारचौघांत मी तिला ‘डॉक्टर, तुम्ही’ म्हणते. दार लोटलं की ‘अगं युन-जू’ सुरू होतं, आणि त्यामागून बहुधा वादही. तिचं डोकं थंड, माझं गरम. तरी एवढ्या वर्षांत आमचं खरं कडाक्याचं भांडण एकदाच झालं, ते दोन हजार बावीस सालच्या उन्हाळ्यात.

जगाचं जे आधीच भोगून झालं होतं ते आमच्या बेटावर उशिरा आलं. दोन वर्षं आम्ही साथ वेशीबाहेर थोपवून धरली होती आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. मग त्या एप्रिलमध्ये बांध फुटला. मोठ्यांना लस मिळाली होती, लहानग्यांची नुकती कुठे येत होती. बहुतेक मुलांना दोन दिवस ताप यायचा आणि तिसऱ्या दिवशी ती पलंगावर उड्या मारायची. पण काही मुलं, अगदी थोडी, सकाळी तापानं किरकिरायची आणि संध्याकाळी त्यांना झटके यायचे. मेंदूला सूज. पहिलं असं मूल आमच्याकडे आलं त्याच दिवशी एका नव्या नर्सनं घरून अननसाच्या वड्या आणल्या होत्या. अननसाच्या नावातच आमच्याकडे ‘भरभराट होवो’ असा अर्थ आहे, त्यामुळे तो कुठल्याच वॉर्डात चालत नाही.

“पेशंट कमी पडतायत का गं तुला?” मी तिच्यावर ओरडले. “जा, तो डबा खाली हिशेबाच्या लोकांना देऊन ये.”

ती रडायला लागली. मला नंतर वाईट वाटलं, पण डबा मी जाऊ दिलाच.

अशा मुलांचं काय करायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. औषधं होती. प्रश्न होता कधी आणि किती. दुसऱ्या देशांत अशी मुलं आमच्या आधी येऊन गेली होती, तिथल्या डॉक्टरांना चार गोष्टी कळल्या होत्या. दर गुरुवारी संध्याकाळी मुलांच्या डॉक्टरांची एक आंतरराष्ट्रीय बैठक संगणकावरून भरायची, तिथे ते एकमेकांना त्या सांगायचे. बैठकीत बसायला आपला देश यादीत असावा लागतो. आमचा नाही. जगाच्या आरोग्याच्या मोठ्या सभेतही आम्हाला खुर्ची नाही. दर मे महिन्यात आमची माणसं जाऊन त्या दाराबाहेर उभी राहतात आणि परत येतात. दोन हजार तीनच्या साथीतही असंच होतं. युन-जू आणि मी तेव्हा तरुण होतो. आम्ही विचारत राहिलो, उत्तरं दुसऱ्यांच्या हातून येत राहिली.

या वेळी तो दुसरा हात डॉक्टर ओनोदेरांचा होता. ते फुकुओकाचे, मुलांच्या मेंदूचे डॉक्टर. युन-जू कधीकाळी जपानला वर्षभर शिकायला होती तेव्हापासूनची ओळख. ते गुरुवारी बैठकीत बसायचे, मग स्वतःच्या वॉर्डात फेरी मारायचे, आणि शुक्रवारी सकाळी बैठकीत जे झालं ते सगळं आम्हाला लिहून पाठवायचे. एका आठवड्यातही त्यांनी चुकवलं नाही. शुक्रवारी सकाळी युन-जूच्या फोनवर जपानी नाव दिसलं की मी हातातलं काम सोडून तिच्या खांद्यावरून वाचायला जायचे.

शान-शान आली ती गुरुवारी दुपारी.

शान-शान हे घरचं लाडाचं नाव, कागदावर श्याओ यिन-शान, वय चार वर्षं, गाव समुद्रकाठचं तुंगशी. बाप श्याओ कुओ-तुंग कालवांची शेती करतो. खाडीत बांबूचे सांगाडे रोवून त्यांना शिंपल्यांच्या माळा टांगायच्या, त्यावर कालवं धरतात. आई थुई, लग्न करून व्हिएतनामहून आलेली. त्या आठवड्यात थुईच आजारी होती, म्हणून तिला इस्पितळात येता आलं नाही. बाप मुलीला उचलून घेऊन आला. तिला गाडीत एक झटका येऊन गेला होता.

आम्ही बापाला नखशिखांत झाकणारा पोशाख चढवला आणि तिच्या खोलीत बसवलं. धिप्पाड माणूस, त्या पांढऱ्या पोशाखात गुदमरल्यासारखा दिसत होता. मुलगी गुंगीत होती. आम्ही हाक मारली तर कपाळाला आठी घालायची आणि तोंड फिरवायची. पण बापानं फोन समोर धरला, त्यात आईचा चेहरा दिसला, आई तिच्या स्वतःच्या भाषेत काहीतरी गुणगुणत बोलू लागली, की पोरगी डोळे उघडून फोनकडे बघायची. एकदा हसलीसुद्धा.

“काय म्हणते हो तिची आई?” मी विचारलं.

“मला कुठे कळतंय!” बाप म्हणाला. “दोघींचं आपसात चालतं ते. मी घरात असूनही पाहुणाच.”

शुक्रवारी सकाळी आईचा फोन पुन्हा आला. मी खोलीतच होते. ती बोलत राहिली, बोलत राहिली, आणि मग एकदम आमच्या भाषेत म्हणाली, “नर्सताई, ती माझ्याकडे बघत नाहीये.”

मी मॉनिटरकडे पाहिलं. सगळे आकडे जागच्या जागी होते. श्वास बरा, नाडी बरी.

“ती झोपलेली नाहीये,” थुई म्हणाली. “झोपेत ती माझा आवाज ऐकते. आता ऐकत नाहीये.”

मी युन-जूला बोलावलं. तिनं डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं, हातपाय तपासले. तपासण्यांचे निकाल दुपारी यायचे होते. ते आल्यावर पुढचं औषध ठरवायचं, अशी आमची रीत. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. ओनोदेरांचं पत्र होतं. आदल्या संध्याकाळी दोन देशांच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली होती: निकालांची वाट पाहू नका, शुद्ध हरपतेय अशी शंका आली की लगेच औषध सुरू करा. वाट पाहिली तिथे मुलं गेली.

युन-जूनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “काढ औषध.”

आम्ही सुरू केलं. दुपारी निकाल आले तेव्हा सूज वाढलेली होती. शनिवारी दुपारी शान-शान गेली.

बाप पलंगाशी उभा होता. त्यानं युन-जूला विचारलं, “आता हातमोजे काढले तर चालेल?”

नियमात ते बसत नव्हतं. युन-जू म्हणाली, “काढा.”

त्यानं हातमोजे काढले, त्याचे शिंपल्यांनी चिरलेले हात दिसले. त्यानं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. फोन उशाशी उभा करून ठेवलेला होता. त्यातून कसलाच आवाज येत नव्हता, पण तो बंदही झालेला नव्हता.

त्यानंतर युन-जूनं वॉर्डाची रीतच बदलली. ताप आणि झटका घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाला थोड्या थोड्या वेळानं घरचा आवाज ऐकवायचा. आई, आजी, जे कुणी मुलाच्या जवळचं असेल ते. मूल त्या आवाजाला कसा प्रतिसाद देतं तेवढंच बघायचं. तो ओसरला की यंत्रं काहीही सांगोत, औषध सुरू. पुढच्या तीन आठवड्यांत अशी बरीच मुलं आली. एक मुलगा गेला. बाकीची आपल्या पायांनी घरी गेली.

युन-जूनं हे ओनोदेरांना कळवलं आणि त्यांनी ते बैठकीत सांगितलं. त्यांचा लगेच फोन आला. बैठकीतल्या लोकांना हे नीट ऐकायचं होतं, तेही जिनं केलं तिच्याकडून. तिला बोलवायची तयारी होती.

“पण एक अडचण आहे,” ते अवघडून म्हणाले. युन-जूनं फोनचा आवाज मोठा केला होता, मी समोरच होते. “पडद्यावर प्रत्येकाच्या नावाखाली देशाची पाटी असते. तुमच्या नावाखाली... म्हणजे त्यांच्या नियमाप्रमाणे... तुमचं बेट दुसऱ्या देशाचा एक प्रांत म्हणून लिहावं लागेल. मी भांडलो. ते म्हणतात, आमच्या हातात नाही.”

युन-जूनं विचार करून सांगते म्हटलं. राजधानी तैपेईहूनही एका अधिकाऱ्याचा फोन आला. तो सभ्यपणे म्हणाला, निर्णय तुमचा, पण ती पाटी एकदा मान्य केली की उद्या सगळीकडे तेच दाखवतील.

मी दार लोटलं आणि आमचं भांडण सुरू झालं.

“जा तू,” मी म्हटलं. “पाटीचं काय घेऊन बसलीस? लावू देत त्यांना काय लावायचं ते. उद्या त्यांनी तुला चंद्रावरची म्हटलं म्हणून तू चंद्रावरची होणारेस?”

“चंद्रावरची म्हणाले असते तर गेले असते,” ती म्हणाली.

“चेष्टा करू नकोस. पोरं मरतायत, युन-जू. तुझं बोलणं ऐकून एक जरी वाचलं तरी...”

“ते मला कळत नाही असं वाटतं तुला?”

“मग अडलंय कुठे? मान खाली घालावी लागेल म्हणून? आपण रोज घालतो. नातेवाइकांपुढे घालतो, साहेबांपुढे घालतो. अजून एकदा घाल.”

ती समोरचे कागद जुळवायला लागली. तिचा हा थंडपणा मला बोलण्याहून जास्त झोंबतो. मी आवाज चढवला. “तुला मुलांपेक्षा तुझा मान मोठा झालाय!”

हे ऐकून ती उठली आणि राउंडला निघून गेली. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या टेबलावर गाडीची किल्ली ठेवली. “तुंगशीला जायचंय. तिच्या आईबापाला विचारल्याशिवाय मी तिच्याबद्दल कुठेच बोलणार नाही. येतेस?”

मी गेले.

तुंगशीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिंपल्यांचे ढीग. घरापुढे पत्र्याच्या सावलीत थुई बुटक्या स्टुलावर बसून आखूड सुरीनं कालवं फोडत होती. ती माझ्या मनात होती त्याहून खूप तरुण निघाली. श्याओ बांबू घासत होता. आम्हाला पाहून त्यानं हात पुसले आणि दोन खुर्च्या ओढल्या. थुईची सुरी चालूच राहिली.

युन-जूनं सगळं सांगितलं. बैठक काय असते, तिथे काय ऐकायचं आहे, शान-शानमुळे आम्हाला काय कळलं. मग जे सांगितलं नसतं तरी चाललं असतं तेही सांगितलं. औषधाची ती सूचना गुरुवारी संध्याकाळी तिथे बोलली गेली होती, आमच्यापर्यंत शुक्रवारी सकाळी आली.

श्याओनं विचारलं, “गुरुवारीच मिळाली असती तर?”

“माहीत नाही.”

“डॉक्टर, आम्हाला बरं वाटावं म्हणून नका सांगू. खरं सांगा.”

“खरंच माहीत नाही, श्याओ साहेब. कदाचित वाचली असती. कदाचित नसती. हे मला कधीच कळणार नाही.”

त्यानं मान हलवली. थुईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. “तिथे कोण कोण असतं?”

“बऱ्याच देशांचे डॉक्टर. जपान, ब्राझील, केनिया, फिलिपिन्स...”

“व्हिएतनाम?”

“हो. तिथल्याही एक बाई असतात.”

सुरी थांबली. “म्हणजे माझ्या माहेरची खुर्ची आहे तिथे.”

“आहे.”

“आणि शान-शानची नाही.”

थुई हसली. तसं हसू मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. “मग तिला माझ्या बाजूनं धरा की, डॉक्टर. व्हिएतनामची म्हणा. अर्धी होतीच. जिथं खुर्ची आहे तिथं बसवा पोरीला, उभी कशाला ठेवता?”

“काय बोलतेस हे?” श्याओ म्हणाला.

“चूक काय बोलले?” तिचा आवाज फुटला. “इथल्या बाया मला परकी म्हणतात. तिथे माझ्या पोरीला कुणीच नाही म्हणतात. मग ती होती कुणाची?”

श्याओ उठून तिच्याजवळ गेला. तो बोलणारा माणूस नव्हता, शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. “ती इथली. या चिखलात चालायला शिकली ती. तुझी भाषा बोलायची, तरी इथली. ती तुंगशीची.”

थुईनं डोळे पुसले. सुरी धरलेल्या हाताच्या मनगटानं पुसले, बोटांना खारं पाणी होतं म्हणून. मग ती युन-जूला म्हणाली, “सांगा तिच्याबद्दल. देशाचं काय ते तुम्ही शिकलेली माणसं बघा. नुसती एक मुलगी होती असं सांगू नका. तुंगशीची म्हणा.”

परतताना युन-जू गाडी चालवता चालवता म्हणाली, “माझ्या मानाचं तू म्हणालीस ना, त्यात थोडं खरं होतं. एकटी मी असते तर कदाचित गिळलंही असतं. पण त्या पाटीखाली तीही जाईल, शु-फेन. ज्या घराचं हे सगळं आहे त्यांच्यासमोर मी ते कसं करू?”

“मग कोण बोलणार?”

“ओनोदेरा.”

“आणि नाव कुणाचं?”

“कुणाचंच नाही.”

मला पटलं नव्हतं, अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण त्या दिवशी मी वाद घातला नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या खोलीत बसलो. ओनोदेरांनी आपला फोन संगणकाशेजारी टेबलावर ठेवला होता, आमच्याशी जोडलेला, म्हणजे बैठक आम्हाला ऐकू येईल. नियमाला धरून नव्हतं ते. समोर जेवणाचे डबे उघडे होते, माझाही थंड झाला.

त्यांनी सगळं नीट वाचलं. त्यांच्या अडखळत्या इंग्रजीत, एकेक वाक्य तोलून. ‘आमच्या भागातल्या एका केंद्रात’ असं म्हणाले. त्यापेक्षा जास्त त्यांना म्हणता येत नव्हतं. शान-शानबद्दल वाचताना ‘समुद्रकाठच्या एका गावातली मुलगी’ म्हणाले आणि तिथे क्षणभर थांबले. मग प्रश्न सुरू झाले.

एका बाईचा आवाज आला, घाईचा, दमलेला. “मी डॉक्टर अबेयाना, फिलिपिन्समधल्या सेबूहून. माझ्याकडे आत्ता या घडीला एक मुलगा आहे. सकाळी झटके आले, आता थांबलेत. आईच्या आवाजाला डोळे उघडतो, पण लगेच मिटतो. हे उघडणं धरायचं की मिटणं? औषध आत्ता देऊ की थांबू?”

ओनोदेरांनी ऐकून घेतलं. युन-जू पुढे झुकून हळूच म्हणाली, “त्यांना विचारा, डोळे मिटायच्या आधी तो आवाजाच्या दिशेला वळतो का.”

ओनोदेरांनी तो प्रश्न विचारला. बाईंनी उत्तर दिलं. युन-जूनं पुढचं सांगितलं, त्यांनी ते तिकडे सांगितलं. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी बाईंनी एकामागून एक इतकं विचारलं की ओनोदेरांची गाडी अडली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि एकाएकी आम्हाला बैठक मोठ्यानं ऐकू यायला लागली. त्यांनी फोनचा आवाज वाढवून तो सरळ माइकसमोर धरला होता.

“डॉक्टर ओनोदेरा,” बैठक चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, “तुमच्यासोबत कुणी आहे का?”

“आहे,” ते म्हणाले. “हे काम जिचं आहे ती आहे.”

मी युन-जूचं मनगट धरलं. मग त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मूल वाट बघतंय. बोला.”

युन-जू बोलली. कुठलंही प्रास्ताविक नाही, वॉर्डात सांगते तसंच. मुलगा आईकडे वळत असेल तर अजून वेळ आहे, पण तो वेळ वाट बघण्यात घालवू नका. आत्ता सुरू करा. किती द्यायचं, कशावर लक्ष ठेवायचं, आवाज किती वेळानं ऐकवायचा. डॉक्टर अबेयाना मध्ये मध्ये ‘हो, हो’ म्हणत होत्या. शेवटी युन-जू म्हणाली, “हे आम्हाला एका चार वर्षांच्या मुलीमुळे कळलं. ती तुंगशीची होती.”

कुणी हरकत घेतली नाही. तुंगशी कुठे आहे हे त्या बैठकीत कुणालाच माहीत नसणार, म्हणूनही असेल.

“डॉक्टर, तुम्ही कुठे असता?” अबेयाना बाईंनी विचारलं. “अजून काही लागलं तर तुम्हाला गाठू कशी?”

“मला वाटतं हे आपण बैठकीनंतर...” चालवणाऱ्या बाई मध्ये पडल्या.

“माझा नंबर लिहून घ्या,” युन-जू म्हणाली. “आठ, आठ, सहा...”

जगात कुठूनही आमच्या बेटावर फोन लावायचा तर आधी हे तीन आकडे लावावे लागतात. आमच्याशिवाय ते दुसऱ्या कुणाचे नाहीत. तिनं सगळा नंबर सावकाश सांगितला, मग पुन्हा एकदा सांगितला. कुणी तिला थांबवलं नाही. पलीकडे ओनोदेरा नाक शिंकरत होते.

आम्ही ते गार अन्न तोंडात घालत होतो तोच सेबूहून फोन आला. युन-जू फोनवर बोलत उठली, खिडकीशी गेली, आणि अर्धा डबा तसाच राहिला.

तो मुलगा जगला. त्याचा डावा हात अजून नीट वळत नाही, त्यासाठी व्यायाम चालू आहे. पुढच्या महिनाभरात आणखी काही डॉक्टरांचे फोन आले, काही अशा ठिकाणांहून जिथलं नावही मला नीट उच्चारता येईना. व्हिएतनामच्या त्या बाईंचाही आला. ओनोदेरांना बैठकीकडून एक अतिशय नम्र पत्र गेलं, की यापुढे बैठकीच्या वेळी फोन बंद ठेवावेत. ते म्हणाले, मी ते पत्र चौकट करून भिंतीवर लावलंय. लावलं असेल असं मला वाटत नाही. ते त्यातले नाहीत. पण त्यांच्या तोंडून चेष्टा ऐकून बरं वाटलं.

पुढच्या मे महिन्यात मोठी सभा भरली. आमची माणसं पुन्हा दाराबाहेर उभी राहिली आणि परत आली.

आम्ही दोघी त्या पाटीवरून अजून भांडतो. मी म्हणते, तू पहिल्याच आठवड्यात गेली असतीस तर सगळ्यांना थेट कळलं असतं, आणखी किती मुलं वाचली असती कुणास ठाऊक. ती म्हणते, कुणास ठाऊक. तिला ते मान्य आहे आणि तरी ती पुन्हा तेच करेल, आणि हे दोन्ही एकाच माणसात कसं मावतं ते मला समजत नाही.

दोन हजार बावीसचाच पावसाळा ओसरल्यावर आम्ही पुन्हा तुंगशीला गेलो होतो. युन-जूनं थुईला सगळं सांगितलं. सेबूचा मुलगा, त्याचा हात, बैठकीत काय बोलली ते. थुई ऐकत होती. आपल्या मुलीबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, “त्या मुलाचं नाव काय?”

आम्ही पेशंटची नावं सांगत नाही. पण त्या मुलाच्या आईनंच त्याचं नाव कळवायला सांगितलं होतं. “जोमार,” युन-जू म्हणाली.

“जोमार,” थुई म्हणाली. उच्चार तिला अवघड गेला. तिनं पुन्हा म्हणून पाहिलं, नीट जमेपर्यंत. मग सुरी उचलून ती कामाला लागली.

निघताना श्याओनं पिशवीभर कालवं युन-जूच्या हातात कोंबली. कालवं खाल्ली की तिच्या अंगावर गांधी उठतात. तिनं दोन्ही हातांनी पिशवी घेतली, त्याला वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसल्यावर पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. पाणी गळत होतं, माझा स्कर्ट भिजला.

“खाशील ना?” तिनं विचारलं.

“खाईन,” मी म्हटलं. “चल.”